प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: घरच्यांसोबतच्या ट्रिपमध्ये फोटोंचं प्लॅनिंग, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातला माझा एक मित्र, आयटीत नोकरी, फोटोग्राफीचा नाद बऱ्याच वर्षांचा. नाव देत नाही, घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. घरात चार माणसं: तो, वहिनी, सहावीतली लेक आणि त्याची आई. आईंना मी काकू म्हणतो, सत्तरी ओलांडलीये, गुडघे कुरकुरतात पण जीभ आणि डोकं दोन्ही तल्लख.

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत युरोप करायचं ठरलं. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही तीन शहरं निवडली कारण तिन्ही जुनी, तिन्ही नदीकाठची आणि ट्रेनने जवळ, प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास आणि तिथून बुडापेस्ट पावणेतीन तास, म्हणजे मधे कुठे विमानाची झंझट नाही. लक्ष्मीपूजन आटोपून निघायचं आणि भाऊबीज व्हिडिओ कॉलवर करायची. या भाऊबीजेवरून वहिनींच्या माहेरी काय झालं ते इथे नको.

मी यात कुठे आलो तर मित्राने प्लॅन कसा वाटतो म्हणून एक एक्सेल शीट पाठवली. बघतो तर शीटमध्ये तीन शहरांतले फोटो काढायचे सगळे स्पॉट, प्रत्येकासमोर लेन्स, ॲपर्चर (लेन्स किती उघडायची तो एफ/ चा आकडा), शटर स्पीडसुद्धा लिहिलेला. घरच्या तीन माणसांचं मात्र अख्ख्या शीटमध्ये नाव नाही.

अडचण नक्की काय होती

वरवर बघितलं तर प्रश्न साधा होता, कॅमेरा-लेन्स काय न्यायचं. खरी गोष्ट वहिनींनी फोनवर सांगितली. आधीची मोठी ट्रिप हंपीची होती, त्यात हा रोज पहाटे मातंग टेकडीवर, परत यायला उशीर, बाकीचे नाश्त्यासाठी ताटकळत, मग दिवसभर प्रत्येक मंदिरात "दोन मिनिटं थांबा, हा माणूस फ्रेममधून जाऊ दे." काकू दगडावर बसून राहायच्या. घरी आल्यावर हार्ड डिस्क भरून फोटो, विठ्ठल मंदिराचा दगडी रथ सगळ्या बाजूंनी, आणि वहिनी त्यात कुठेच नाहीत. त्या म्हणाल्या, "मी ट्रिपला होते याचा पुरावा फक्त हॉटेलच्या बिलावर आहे."

म्हणजे एकच माणूस फोटो काढणार, चार माणसं फिरणार, दिवस तेवढेच आणि काकूंचे गुडघे. त्यात ही तिन्ही शहरं अशी की गर्दी आणि प्रकाश दोन्ही सांभाळायचे तर पहाट किंवा संध्याकाळच गाठावी लागते, सकाळी अकराला प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर गेलात तर पुतळ्यांपेक्षा सेल्फी स्टिक जास्त दिसतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ग्रुप टूरचा. काकूंना तोच हवा होता. मराठी मंडळी, जेवायला वरण-भात, बॅगा उचलायला माणूस, यात वाईट काहीच नाही आणि एकट्या वयस्कर माणसाला मी आजही तेच सुचवेन. पण टूरच्या वेळापत्रकात शहर दिसतं ते नाश्त्यानंतर, म्हणजे फोटोची वेळ टळून गेल्यावर, आणि संध्याकाळी निळा उजेड पसरत असतो तेव्हा सगळे बसमधून जेवणाच्या हॉटेलकडे.

दुसरा पर्याय सगळं स्वतः बुक करायचं, पण पैसे वाचवायला हॉटेल जरा बाहेर, मेट्रोच्या शेवटच्या टोकाला वगैरे, आणि वाचलेल्या पैशातून नवी 16-35 वाईड लेन्स. मित्राचा कल अर्थातच इकडे.

तिसरा पर्याय वहिनींनी मांडला, आणि सगळं प्रकरण खरं तर इथेच फिरलं. त्या म्हणाल्या लेन्स घेऊच नकोस, ते पैसे हॉटेलमध्ये घाल. पुलापासून चालत दहा मिनिटांवर राहिलो तर तू पहाटे जाऊन नाश्त्याला परत येशील, आम्हाला तुझ्यासाठी उठायला नको आणि थांबायलाही नको, आणि आईंना दुपारी पडायचं असेल तर रूम जवळ. मित्र दोन दिवस कुरकुरला. मी वहिनींच्या बाजूने होतो. वाईड लेन्सने इमारत फ्रेममध्ये मावते हे खरं, पण सकाळी सात वाजता तिथे उभं राहायची सोय लेन्स करून देत नाही.

चौथा पर्याय म्हणजे प्रत्येक शहरात तासाभरासाठी लोकल फोटोग्राफर घ्यायचा आणि घरच्यांचे फोटो त्याच्याकडून काढून घ्यायचे. हा अर्धवटच चर्चेत आला, त्यावर शेवटी बोलतो.

काय ठरलं, आणि कसं

हॉटेलं मध्यवस्तीत, लिफ्ट असलेलीच. लेन्स खरेदी रद्द. मग सामानाचा वाद. मित्राकडे लांबचं जवळ ओढणारी जुनी 70-200 एफ/2.8 झूम लेन्स आहे, ती एकटीच जवळपास दीड किलो भरते, शिवाय मोठा ट्रायपॉड. केबिन बॅगला मर्यादा सात किलो. त्याच बॅगांत काकूंचा चिवडा, चकल्या आणि बेसनाचे लाडू जाणार होते कारण चेक-इनमध्ये त्यांचा भुगा होतो, हे त्यांचं मत ठाम. बराच खल होऊन 70-200 आणि मोठा ट्रायपॉड घरी राहिला, फराळ गेला. बरोबर घेतलं ते एक फुलफ्रेम मिररलेस बॉडी (म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्स सोडून), सगळ्या कामाची 24-105 एफ/4 झूम, रात्रीसाठी छोटी 35 एफ/1.8 लेन्स, आणि वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड जो पुलाच्या कठड्यावर ठेवता येतो. चर्च-म्युझियममध्ये ट्रायपॉड उभा करू देत नाहीतच सहसा, आणि आताच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणं, इतकं चांगलं असतं की श्वास रोखून पाव सेकंदाचा फोटो हातात धरून निघतो. जादाच्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत, ते त्याला माहीत होतं. एक गोष्ट त्याला नवीन होती, मुंबई एअरपोर्टवर निघताना कस्टम्सच्या काउंटरवर कॅमेरा-लेन्स दाखवून सिरियल नंबरसकट एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे परत येताना "हे बाहेरून विकत आणलं का" हा प्रश्न उरत नाही. त्याने घेतलं. वेळ हाताशी ठेवून जावं लागतं एवढंच.

मग शीट. त्यात मी एकच कॉलम घालायला सांगितला: इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला. शटर स्पीड तिथे गेल्यावर कॅमेरा सांगतोच, पण सूर्य कुठे असेल हे घरी बसून ठरतं. फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयर अशा ॲपमध्ये तारीख आणि जागा टाकली की सूर्य कुठून उगवणार ती रेघ नकाशावर दिसते. आणि हा कॉलम भरल्यावर अर्धी यादी उलटीपालटी झाली.

सगळ्यात मोठं उदाहरण बुडापेस्टचं. बुडा बाजूच्या टेकडीवरच्या फिशरमन्स बॅस्टियनवरून सूर्योदयाला नदीपलीकडचं पार्लमेंट, हा फोटो सगळीकडे दिसतो आणि मित्राच्या यादीत तो एक नंबरला होता. पण तसे बरेच फोटो उन्हाळ्यातले असतात, जूनमध्ये तिथून बघितलं तर सूर्य जवळपास पार्लमेंटच्या मागूनच वर येतो. ऑक्टोबरच्या शेवटी तो पार उजवीकडे, सेंट स्टीफन बॅसिलिकाच्याही पलीकडे उगवतो. शिवाय पार्लमेंटचं नदीकडचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी ती बाजू अंधारातच. त्या इमारतीला खरं ऊन मिळतं दुपारनंतर, आणि ते बघायला सोपी जागा म्हणजे समोरच्या बुडा काठावरचं बात्यानी चौक मेट्रो स्टेशन, बाहेर आलं की थोडं चालून समोर नदी आणि पलीकडे अख्खी इमारत, 268 मीटर लांब. सपाट रस्ता, पायऱ्या चढायच्या नाहीत, काकू येऊ शकतात.

प्रागमध्येही तसंच. चार्ल्स ब्रिजवर सकाळी जुन्या शहराच्या टोकाला उभं राहून पश्चिमेला बघितलं तर किल्ल्यावर पहिलं ऊन पडतं. उलट बाजूने पूर्वेकडे बघितलं तर पुलाचा बुरुज आणि पुतळे काळ्या आकृत्या होतात, तेही छान, पण ते दोन वेगळे फोटो आहेत आणि मधे 516 मीटर पूल आहे. जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरून समोरचं टीन चर्च टिपायचं तर दुपार, कारण चर्चचं तोंड पश्चिमेला. आणि या मनोऱ्याला लिफ्ट आहे! शीटमध्ये ही ओळ मी हिरवी केली.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तासांचा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा हा फोटोवाल्या बापासाठी फार सोयीचा आहे हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. प्रागमध्ये तेव्हा सूर्योदय साधारण सात चाळीसला, सूर्यास्त सहाच्या थोडा आधी. रविवारी 26 तारखेला युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर बुडापेस्टला सूर्यास्त साडेचारच्या आसपासच. म्हणजे ब्ल्यू अवर, सूर्यास्तानंतरचा तो निळा उजेड, पाच वाजता, चहाच्या वेळेला, आणि सहाला सगळे जेवायला मोकळे. हेच मे-जूनमध्ये गेले असते तर सूर्योदय पाचच्या सुमाराला आणि रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड, काकू आणि लेक दोघी झोपेला आलेल्या.

ठरलेला नियम असा: पहाट ते नाश्ता हा वेळ मित्राचा, एकट्याचा, कुणी तक्रार करणार नाही. नाश्त्यानंतर दुपारी चारपर्यंत कॅमेरा बॅगेत, हवं तर मोबाईलवर काढायचे. संध्याकाळी सगळे मिळून एकाच जागी आणि त्या फोटोत माणसं असलीच पाहिजेत. वहिनींनी हे फॅमिली ग्रुपवर टाकून पिन केलं.

लेकीला जुना छोटा कॅमेरा दिला आणि तिची स्वतंत्र यादी. प्रागच्या नेरुडोवा रस्त्यावर घरांच्या दारांवर चिन्हं आहेत, एका घरावर दोन सूर्य, एकावर तीन व्हायोलिन. 1770 मध्ये राणी मारिया तेरेसाच्या काळात घरांना नंबर आले, त्याआधी पत्ता सांगायचा तर अशा चिन्हावरून. ती शोधून फोटो काढायचे हे तिचं काम.

प्रत्यक्षात काय घडलं

प्रागची पहिली सकाळ ढगाळ आणि भुरभुर पाऊस. मित्र पुलावर पोचला साडेसहाला, किल्ला दिसतच नव्हता नीट. त्याचा मेसेज आला, "वाट लागली." मी म्हटलं खाली बघ. ओले दगड, त्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे, छत्री घेऊन ऑफिसला निघालेला एखादा माणूस, हे उन्हाच्या दिवशी मिळत नाही. त्याने 35 लावली, एफ/1.8 वर, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा) 1600, आणि नेपोमुकच्या संत जॉनच्या पुतळ्याजवळ थांबला. 1683 मधला हा पुतळा, पुलावरच्या 30 पुतळ्यांत सगळ्यात जुना, त्याच्या खालची ब्राँझची पाटी लोकांचे हात लागून लागून एका जागी सोन्यासारखी चकचकीत झालीये आणि बाकी सगळी काळी. पावसात त्या चकाकत्या भागावर पाण्याचे थेंब बसलेले, एका बाईने येता येता त्यावर हात ठेवला आणि थेंब पुसले गेले. तो हात टेकलेला फोटो ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता. कुठल्याही यादीत नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळचा बेत लेत्ना टेकडीवरून सगळे पूल एका ओळीत, सोनेरी उजेडात, असा होता. सोनेरी काही होणार नाही हे दिसतच होतं. इथे मोह असतो की ठरलंय तर जाऊच, नशीब असेल तर ढग फुटतील. वहिनी म्हणाल्या टेकडी सोडा, नेरुडोवा आजच करू, 22 नंबरच्या ट्रामने किल्ल्यापर्यंत वर जाऊ आणि उतरत येऊ. हे बरोबर पडलं, कारण ढगाळ उजेडात भिंतींचे रंग आणि ती चिन्हं सपाट, स्वच्छ येतात, कडक उन्हात अर्ध्या चिन्हावर छपराची सावली पडली असती. पण उतार आणि गोटेदार दगडी रस्ता, चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जास्त बोचतं हा विचार कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी काकू सरळ म्हणाल्या की आज मी हलत नाही. वहिनी त्यांच्याबरोबर थांबल्या. त्याच्या पुढच्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सगळे लिफ्टने टाउन हॉलच्या मनोऱ्यावर गेले, टीन चर्चची दोन टोकं उन्हात, खाली चौकात माणसं मुंगीएवढी, आणि काकूंनी तिथे स्वतः मोबाईलवर पॅनोरमा काढला, जो वाकडा आलाय आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गाजलाय.

रविवारी घड्याळ मागे गेलं. मोबाईल आपोआप बदलले, काकूंचं मनगटी घड्याळ बदललं नाही, त्या तासभर आधीच आवरून बॅग घेऊन पलंगावर बसलेल्या. मित्राने तो जादाचा तास वापरला आणि परत पुलावर गेला, आता सूर्योदय पावणेसातला, आभाळ मोकळं, किल्ल्यावर ऊन. नऊच्या आत परत, मग व्हिएन्नाची ट्रेन.

व्हिएन्नात मात्र प्लॅन आपटला. शीटमध्ये लिहिलेलं: हेल्डेनप्लात्झ, मोकळं मैदान, मागे राजवाडा. पण 26 ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन, त्या दिवशी तिथे सैन्याचं प्रदर्शन असतं, रणगाडे, हेलिकॉप्टर, तंबू आणि अर्धं व्हिएन्ना पोराबाळांसकट. दुकानं बंद, कारण रविवारही आणि सुट्टीही, त्यामुळे वहिनींची खरेदी गेली. मित्राला राजवाड्याची एकही स्वच्छ फ्रेम मिळेना, तो वैतागला. लेक हेलिकॉप्टरजवळून हटायला तयार नाही. इथे दोन रस्ते होते, मैदानात कोपरा शोधत संध्याकाळ घालवायची किंवा सोडून द्यायचं. त्याने सोडलं. कार्ल्सकिर्शेला गेले, चर्चचं तोंड उत्तरेला असल्याने ऊन तिथे तसंही फारसं लागत नाही, त्यामुळे ब्ल्यू अवरच त्याची खरी वेळ. समोरच्या तळ्यात पाणी होतं, सव्वापाचला घुमट निळ्या आभाळावर पिवळा झाला, टेबल ट्रायपॉड तळ्याच्या काठावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर. मोठा ट्रायपॉड असता तर इतका खाली गेलाच नसता.

दुसऱ्या दिवशी शोनब्रुन, तिथे सोपं, ग्लोरिएट टेकडीवरून महाल उत्तरेला दिसतो म्हणजे दिवसभर ऊन आपल्या पाठीशी. काकू बागेतल्या छोट्या गाडीने वर गेल्या.

बुडापेस्टची पहिलीच संध्याकाळ बात्यानी चौकात. चौघंही, हातात गरम चिमनी केक, थंडी बऱ्यापैकी. सूर्य मावळला, पार्लमेंटचे दिवे लागले आणि नदीत सगळं उतरलं. इथे मित्राने एक गोष्ट नीट केली जी मला आवडली. आधी माणसं, मग इमारत. थोडा उजेड शिल्लक असतानाच आयएसओ 3200, एक तीसांश सेकंद, काकू, वहिनी आणि लेक कठड्याशी उभ्या, तिघींच्या चेहऱ्यावर बाजूच्या दिव्याचा प्रकाश. मग त्यांना केक खायला मोकळं सोडून टेबल ट्रायपॉडवर आयएसओ 100 ने चार सेकंदांचे इमारतीचे फोटो. उलटं केलं असतं तर माणसांची पाळी येईपर्यंत काळोख, आणि काकूंना चार सेकंद हलू नका, बोलू नका म्हणणं शक्यच नाही.

बॅस्टियनची सकाळ त्याने तरी केली, पण पार्लमेंटसाठी नाही. बॅस्टियन स्वतः पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे उगवतीचा गुलाबी उजेड त्याच्याच पांढऱ्या दगडी कमानींवर येतो. पार्लमेंट धुक्यात राखाडी होतं तसंच. आजूबाजूचे बरेच जण तिकडेच कॅमेरे लावून वाट बघत उभे होते म्हणे.

माणसांच्या फोटोंचं एक सांगायला हवं. हंगेरीत 2014 पासून कायदा असा की एखाद्या माणसाचा फोटो काढायचा तर त्याची संमती लागते, गर्दीचा सर्वसाधारण फोटो वेगळा. त्यामुळे ग्रेट मार्केट हॉलमध्ये मिरच्या-लसणाच्या माळा लावलेल्या दुकानदारबाईला त्याने आधी खुणेने विचारलं. बाई नाही म्हणाल्या, त्याने माळांचा काढला. पुढचे आजोबा खुशीत तयार झाले.

पार्लमेंटच्या आतली टूर आधी ऑनलाइन बुक केलेली. आत फोटो चालतात, फक्त घुमटाखालच्या दालनात, जिथे हंगेरीचा राजमुकुट ठेवलाय, तिथे नाही. मुकुटावरचा क्रॉस वाकडा आहे. लेकीने बाहेर आल्यावर तो वहीत काढला, वाकड्या क्रॉससकट.

आणि पार्लमेंटच्या बाजूच्या, म्हणजे पेस्ट काठावरचे लोखंडी बूट. 1944-45 मध्ये ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना नदीकाठी उभं करून, आधी बूट काढायला लावून, गोळ्या घातल्या, त्यांच्या आठवणीसाठी 2005 मध्ये साठ जोड बसवलेत. शीटमध्ये हा स्पॉट होता आणि समोर लिहिलेलं "लो अँगल, सोनेरी उजेड, फॅमिली?" तिथे पोचल्यावर काकूंनी विचारलं हे काय आहे, वहिनींनी सांगितलं. काकूंनी आपले बूट काढले, थंडीत, मोजांवर उभ्या राहून हात जोडले. मित्राने बुटांचे दोन फोटो काढले आणि कॅमेरा बंद केला. आईचा काढला नाही. आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाद झाला, एकजण म्हणाला तो ट्रिपचा फोटो होता आणि तू घालवलास. मला मित्राचं पटतं.

निकाल

हंपीच्या मानाने फोटो बरेच कमी, घरी आल्यावर निवडायला फार वेळ गेला नाही. चाळीस पानी फोटोबुक छापलं, त्यात वहिनी जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी आहेत. 70-200 ची आठवण एकदाच आली, बॅस्टियनच्या कमानीतून पलीकडचे मनोरे जवळ ओढायला, 105 वर काढून क्रॉप केलं, छपाईत काही कळत नाही. बॅकअप साधा ठेवलेला: कॅमेऱ्यात दोन कार्डं, एकावर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), दुसऱ्यावर जेपीईजी, आणि शहर बदललं की जुनं जेपीईजी कार्ड काकूंच्या बटव्यात. बटवा काकू झोपतानाही सोडत नाहीत, त्यामुळे क्लाउडची गरज पडली नाही.

भांडणं झाली, नाही असं नाही, पण फोटोवरून एकच, हेल्डेनप्लात्झवर.

वेगळं काय करता आलं असतं

तारखा ठरवताना सुट्ट्या बघायला हव्या होत्या. त्याच आठवड्यात 23 ला हंगेरीची, 26 ला ऑस्ट्रियाची आणि 28 ला चेक लोकांची राष्ट्रीय सुट्टी येते. हे लोक त्यातल्या एकीतच सापडले. व्हिएन्नाला ती सुट्टी टाळून पोचले असते तर मैदान मिळायची शक्यता जास्त होती, अर्थात लेकीला हेलिकॉप्टर मिळालं नसतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ. ते भारतीय वेळेवरच राहिलं, म्हणजे मोबाईलपेक्षा आधी साडेतीन तास पुढे आणि रविवारनंतर साडेचार. सगळे फोटो एकत्र टाकल्यावर पुलावरचा सूर्योदय नाश्त्यानंतर आणि कार्ल्सकिर्शे जेवणानंतर. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ एकदम बदलता येते, पण दोन वेगळे फरक असल्याने रविवारच्या आधीचे आणि नंतरचे गट वेगळे करून करावं लागलं. विमानातच घड्याळ लावून टाकायचं आणि रविवारी परत एकदा, एवढंच काम होतं.

काकूंसाठी शीटमध्ये चढाचा कॉलम होता, उताराचा नव्हता. तो हवा. आणि दगडी रस्त्याच्या दिवसानंतर रिकामा दिवस आधीच ठेवायला हवा, नाहीतर तो आपोआप पडतो आणि वहिनींचा जातो. प्रागचा तो दिवस वहिनींनी रूमवर काढला, मित्र आणि लेक बाहेर फिरले. यावर मित्र म्हणतो तिनेच सांगितलं जा म्हणून. असेल.

राहिला लोकल फोटोग्राफर. महाग वाटला आणि "आपल्या घरात फोटो काढणारा असताना दुसऱ्याला कशाला पैसे" म्हणून नको म्हटलं गेलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. नियम पाळूनही चौघं एकत्र असलेला फोटो फक्त सेल्फ टायमरवरचा आहे, त्यात मित्र धावत येऊन उभा राहिलाय आणि शर्टाचा कॉलर एका बाजूने वर. तिन्ही शहरांत नको, बुडापेस्टला एक संध्याकाळ पुरली असती, तास-दीड तास. मित्र अजून मान्य करत नाही, वहिनींनी पुढच्या ट्रिपच्या बजेटमध्ये ती रक्कम आत्ताच लिहून ठेवलीये, त्याला न विचारता.